झेंडू हे नाव झेंड्यावरून आलं का?

लेथवाला_उद्यमनगर:

नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल आणि वडलांच्या वेळचं एक शेपर. भाषेतलं मला काही कळत नाही, पण एका शब्दानं चार दिवस डोकं खाल्लंय म्हणून इथं आलोय.

झालं असं. खंडेनवमीला आम्ही सगळी मशिनं पुसून त्यांना हार घालतो. आदल्या दिवशी महाद्वार रोडवरनं पाच किलो झेंडू आणला आणि शॉपमध्येच पोतं पसरून ओवायला बसलो. पोरगं सहावीत आहे, तेही आलतं मदतीला, म्हणजे फुलं फेकाफेकी करायला. त्याला शाळेत 'एका फुलाची माहिती' लिहून न्यायची होती. मला म्हणालं, पप्पा, झेंडूला झेंडू का म्हणतात? मी सुईतनं नजर न काढता ठोकून दिलं, "झेंड्यासारखा भगवा असतोय म्हणून झेंडू." त्यानं लगेच वहीत लिहून पण टाकलं.

आमचा टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, चिक्कोडीकडचा. चक पुसता पुसता हसायला लागला. म्हणाला, "मालक, झेंडा न्हवं ओ. आमच्याकडं ह्येला चेंडु हूवु म्हणत्यात. हूवु म्हंजे फूल." मी म्हटलं, तुझं कानडी ठेव तुझ्याजवळ. पण मग हातातल्या फुलाकडं बघितलं तर खरंच की, गोल गरगरीत चेंडूच. त्यात पाच किलोतला दोन किलो माल पिवळा होता. पिवळ्याला भगवा झेंडा कुठनं चिकटवायचा?

तर जाणकारांनी सांगा. झेंडा का चेंडू? पोराच्या वहीत चुकीचं गेलं असलं तर दुरुस्त करायला पाहिजे.

गडहिंग्लजकर:

टर्नरला पहिला चहा पाजा.

आमचं आजोळ संकेश्वरला, त्यामुळं घरात दोन्ही भाषा. कानडीत चेंडु म्हणजे खेळायचा चेंडू. आपला चेंडूही त्याच गोतातला. आता जरा आजूबाजूला बघा. तेलुगूत झेंडूला 'बंति पुव्वु' म्हणतात, आणि बंति म्हणजे चेंडू. हिंदीत गेंदा, तो गेंदवरून, म्हणजे परत चेंडूच. ज्यानं त्यानं हे फूल बघितलं त्याला चेंडूच दिसला. एकट्या मराठी माणसाला तेवढा झेंडा दिसला असेल, हे काय पटत नाही.

आणि गेंद आपल्याकडंही आहेच की. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबाला आपण 'गेंदेदार' म्हणतो ते काय उगीच?

बाम_लावा:

झंडू बामचा पण काही संबंध आहे का यात?

गडहिंग्लजकर:

नाही हो. ते नाव जामनगरच्या झंडू भट्टजी वैद्यांचं. त्यात झेंडूची पाकळीसुद्धा नाही. तुम्ही कपाळाला लावा आणि झोपा.

शंकासूर:

गडहिंग्लजकर, ऐकायला छान आहे, पण एक अडतंय. मराठीत चेंडू हा शब्द पहिल्यापासून आहे. कृष्णाच्या खेळात चेंडूफळी येते, ती काही कालची नव्हे. मग घरात चेंडू असताना फुलाला 'चेंडूफूल' म्हणून मोकळे झाले असते. च चा झ करायचं कारण काय? नुसता अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती होत नसते. उद्या तुम्ही लाडूपण त्यात घालाल, तोही गोलच असतो.

गडहिंग्लजकर:

लाडूचं राहू द्या, दिवाळीला बघू.

पण मुद्दा रास्त आहे. मी असं समजतो, आणि हे माझं मत आहे, कुणी खोडलं तर ऐकेन. आपण घरच्या शब्दावरून नवं नाव केलं असतं तर चेंडूफूलच झालं असतं. पण हे नाव बाजारातनं मालाबरोबर आलं असावं. इकडच्या पेठांत कानडी माणूस काही पाहुणा नव्हता. त्याच्या तोंडचं 'चेंडु' आपण फुलाचं नाव म्हणून ऐकलं आणि हातातल्या चेंडूपासून वेगळं ओळखू यावं म्हणून ते जिभेवर थोडं वळलं. एका शब्दाची दोन रूपं होऊन दोन कामांना लागणं मराठीत नवं नाही. क्षेत्र आणि शेत एकाच घरचे, पण आपण क्षेत्राला दर्शनाला जातो आणि शेतात भांगलायला. बाई गर्भिणी आणि म्हैस गाभण, मूळ एकच. बदलून बोला आणि मग घरी काय होतं बघा.

पानफुटी:

मी ३१ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता घरी कुंड्यांना शिकवते. शब्दांचं तुम्ही बघा, मी फुलाचं सांगते, कारण त्यानं शब्दाचं वयही कळतं.

झेंडू मूळचा आपला नाही, मेक्सिकोचा. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेकडच्या बेटांवर पोचला, त्यानंतर युरोपी जहाजांतून तिकडची झाडं जगभर गेली. आपल्याकडं पोर्तुगीजांच्या वाटेनं मिरची, पेरू, काजू आला, त्याच लोंढ्यातला हा. तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळात कुणी झेंडूचा हार घातला नसणार. हे सांगितलं की काही लोक माझ्यावर रागावतात. त्यांनी मग तांबड्या रश्श्यातली मिरचीही काढून ठेवावी.

नवं फूल आलं की लोक दोनच गोष्टी करतात. दिसतं तसं नाव देतात, नाहीतर ओळखीच्या फुलाचं नाव उसनं देतात. आपण पहिलं केलं, इंग्रजांनी दुसरं. त्यांचं जुनं 'मॅरिगोल्ड' म्हणजे मेरीचं सोनं. ते कॅलेंडुला नावाचं वेगळंच फूल. झेंडू आल्यावर तेच नाव याच्या गळ्यात घातलं. वर मोठ्याला 'आफ्रिकन' आणि बुटक्याला 'फ्रेंच' म्हणाले. दोघंही मेक्सिकोकडचे! झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये दोघांना टॅजेटिस या नावाखाली ठेवलं. ते नाव टॅजेसवरून. टॅजेस हा इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या कथेतला, नांगराच्या तासातून वर आलेला ज्ञानी मुलगा. त्याचा आणि या फुलाचा काय संबंध लावला देव जाणे.

पण मला सगळ्यांत आवडतं ते मूळ गावचं नाव. मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या भाषेतून आलेलं, आता तिकडं 'सेंपासूचिल' म्हणतात. त्याची फोड 'वीस' अधिक 'फूल'. ते लोक विसाच्या पटीत मोजत, त्यामुळं वीस म्हणजे 'पुष्कळ' असं समजायचं. १ आणि २ नोव्हेंबरला तिकडं गेलेल्या माणसांची आठवण करतात, तेव्हा घरी मांडलेल्या पूजेत आणि थडग्यांवर हीच फुलं असतात. हिंदीवाले 'हजारा गेंदा' म्हणतात, त्यांनी वीसवरून थेट हजारावर उडी मारली.

आणि 'पुष्कळ फुलं' हे शास्त्राच्या दृष्टीनंही बरोबर आहे. झेंडूची जी पाकळी आपण म्हणतो ती एकटी पाकळी नसते, ते एक अख्खं फूल असतं. खाली काळी काडी दिसते ना, ते त्याचं बी. हाराचा वाळका झेंडू कुंडीत चुरडला की रोपं येतात ती म्हणूनच.

कुडाळची_माहेरवाशीण:

आमच्याकडे झेंडू नाहीच म्हणत, गोंडे म्हणतात. दसऱ्याला गोंड्यांचे हार. लग्न होऊन मी राजारामपुरीत आले, तर पहिल्या दसऱ्याला सासूबाईंना म्हटलं, "गोंडे किती आणू?" त्यांना वाटलं मी पडद्याचे गोंडे म्हणतेय. म्हणाल्या, "पडदे दिवाळीला बदलू." अजून चिडवतात.

पण बघा, गोंडा काय आणि चेंडू काय, गुच्छासारखं गोल तेच. झेंडा आमच्याकडेही कुणाला दिसला नाही.

शंकासूर:

बरं, झेंडा पडला हे मान्य. झ चं अजून पूर्ण पटलेलं नाही, पण गाभण म्हशीपुढं मी काय बोलणार.

लेथवाला_उद्यमनगर:

मंडळी, सगळ्यांचे आभार. पानफुटी मॅडमचं वाचून काल शॉपमध्ये हारातला एक कलकत्ता झेंडू सोडवला. पोरगं आणि मी, सर्फेस प्लेटवर एकेक पाकळी मांडत गेलो. खाली काळी काडी प्रत्येकीला आहे. मोजदाद १८६ वर थांबली, काही माझ्या शिंकेनं उडाल्या त्या सोडून. आमची आजी अंडी विसावर मोजायची, 'तीन विसा आन् चार' असं. तिच्या हिशेबानं नऊ विसा आन् सहा. मेक्सिकोवाल्यांचं आणि तिचं जमलं असतं.

टर्नरला चहा पाजला. त्याचं म्हणणं, चहा ठीक आहे, पण पुढच्या खंडेनवमीला त्याच्या लेथला पिवळा घालायचा नाही.

वहीचं मात्र राहिलं. दसऱ्याची सुट्टी संपल्यावर काढली बघायला, तर तोवर ती तपासून आलेली. 'झेंड्यासारखा भगवा म्हणून झेंडू' याच्याखाली लाल पेनानं बरोबरची खूण आणि 'छान' असा शेरा. पोराला म्हटलं, बाळा, हे खोड, चेंडू लिही. तर वही छातीशी धरून बसलंय.