चालू धंदा विकत घेताय? नाशिककरांनो, अनुभव लिहा

भाचा कॉलेज रोडला एक चालू कॅफे घ्यायच्या बेतात आहे. मालक म्हणतो, 'सेट धंदा आहे, फक्त गल्ल्यावर बसायचं.' हे वाक्य ऐकलं की माझे कान टवकारतात. ज्यांनी धंदा घेतला, विकला किंवा व्यवहार मोडला, त्यांनी लिहा. 'हिशेब तपासा' एवढंच नको, कसा तपासला ते सांगा.

तर्रीबाज
गंगापूर रोडला मिसळीचं हॉटेल घेतलं. मालक दर वेळी रविवारीच बोलवायचा. रविवारी नाशिकात मिसळीला गर्दी कुठे नसते! मी आडवारी दुपारी समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचो. गल्ल्याची वही पाहिलीच नाही. पाववाल्याला गाठलं, रोज किती लाद्या टाकतो ते विचारलं आणि त्यावरून प्लेटा काढल्या. मालक सांगत होता त्याच्या जेमतेम निम्मा धंदा निघाला, भावही तिथूनच उतरला. फूड लायसन्स विकत मिळत नाही. मालक वारला तर वारसाच्या नावावर होतं, घेणाऱ्याला नवंच काढावं लागतं. आणि आचारी राहणार का, हे आचाऱ्यालाच एकटं गाठून विचारा.

निवृत्त करसल्लागार
'मागचं देणं माझं, पुढचं तुझं' असं स्टॅम्प पेपरवर लिहून लोक निर्धास्त होतात. जीएसटी कायद्याचं कलम 85 वाचा. हस्तांतराच्या दिवसापर्यंतचा थकलेला कर, व्याज, दंड विकणारा आणि घेणारा दोघांकडूनही वसूल होऊ शकतो. कर खातं तुमचा कागद बघत नाही. पुढे विकणाऱ्यावर दावा लावत बसा. उरलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आयटीसी-02 फॉर्म भरून मिळतं, पण त्यासाठी करारात देणीही घेतल्याचा स्पष्ट उल्लेख लागतो, वर सीएचं प्रमाणपत्र. ही मेख कोणी सांगत नाही.

सातपूरकर
सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या) जॉबवर्कचं युनिट बघितलं, घेतलं नाही. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा, म्हणजे महामंडळाची परवानगी आणि हस्तांतर शुल्क आलंच. ते कोणी भरायचं यावर बोलणी अडली. अडली ते बरंच झालं. तेवढ्यात सरसाईवर, म्हणजे तारण कर्जांच्या सरकारी नोंदवहीत, शोध घेतला, तर मशीनवर बँकेचा बोजा निघाला. शिवाय जवळपास सगळं काम एकाच कंपनीचं, आणि तिथला परचेसवाला मालकाचा साडू. साडू काही विक्रीत येत नाही.

द्राक्षपट्ट्यातून
पिंपळगावकडे कृषी सेवा केंद्र घेतलं. आमच्याकडे धंदा म्हणजे उधारीची वही. छाटणीला औषधं-खतं उधारीवर जातात आणि फेब्रुवारी-मार्चला माल गेला की पैसे येतात. डिसेंबरात वही बघाल तर येणं भरघोस दिसतं, आणि विकणारा ते सगळं किमतीत धरतो. पण अवकाळीने बाग झोडपली किंवा व्यापारी पैसे बुडवून पळाला, की ते येणं वहीतच राहतं. मी उधारी विकत घेतलीच नाही. वसूल होईल तशी त्याला द्यायची, त्यात वसुलीचा वाटा माझा, असं ठरवलं. आधी तो रागावला. नंतर कुठल्या नावांचे पैसे येणार नाहीत ते स्वतःच सांगत सुटला! गोदामातल्या प्रत्येक बाटलीची मुदत बघितली, मागच्या रांगेतल्या बऱ्याच संपलेल्या होत्या. कीटकनाशकाच्या परवान्यालाही शिक्षणाची अट असते. ती तुम्ही पुरी करता का, ते टोकन द्यायच्या आधी बघा.

सिडकोवासी
मी पार्लर घेतलं. गाळा लीव्ह अँड लायसन्सवर, करार आधीच्या ताईंच्या नावाचा. टोकनाआधी गाळामालकांकडे गेले, तर त्यांना विक्रीचा पत्ताच नाही! भाडं वाढवून मागितलं. नवा करार नोंदवून हातात आल्यावरच पैसे दिले. आता एकच धाकधूक: ताईंनी पुढच्या चौकात दुसरं पार्लर टाकलं तर? बायका पार्लरकडे नाही, हाताकडे जातात.

निवृत्त करसल्लागार
करार कायद्याच्या कलम 27 प्रमाणे धंदा करू नये असं कोणाला बांधता येत नाही, पण गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि जमलेलं गिऱ्हाईक, विकणारा त्याला अपवाद आहे. ठरावीक हद्दीत तोच धंदा करणार नाही असं लिहून घेता येतं, हद्द वाजवी हवी. 'सिडको आणि इंदिरानगर' चालेल, 'महाराष्ट्र' नाही. ताईंच्या मुलीची-सुनेचीही सही घ्या, सही नसलेल्याला करार लागत नाही. आणि पैसे अजून पूर्ण दिले नसतील तर थोडे मागे ठेवा.