मदत हवी आहे : सोसायटीचे कोयनेलचे कुंपण आणि जुनी झाडे कशी वाचवावीत?

नमस्कार.

पुण्यातील आमच्या २८ सदनिकांच्या सोसायटीला तीन बाजूंनी भिंत नाही, कोयनेलचे कुंपण आहे आणि रस्त्याच्या बाजूला त्यात मेंदी व अडुळसा मिसळलेला आहे. आवारात दोन कडुनिंब, एक उंबर आणि फाटकाशी एक पर्जन्यवृक्ष आहे. हे कुंपण उपटून सहा फुटी भिंत बांधावी आणि गाड्यांसाठी झाडांच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवावेत, असा ठराव पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. त्यासाठी चोरीची भीती आणि साप ही दोन कारणे दिली आहेत. गेल्या वर्षभरात दिसलेला साप एकच, तोही धामण, आणि ती आमच्याच उंदरांच्या मागावर होती. पण चोरीची भीती मला अनाठायी वाटत नाही. वर्षानुवर्षे केवळ वरून आणि बाजूंनी कातरल्यामुळे कुंपण खालून इतके विरळ झाले आहे की त्यातून माणूस सहज आत येऊ शकतो.

मला अधिक काळजी झाडांची वाटते. झाडाला अन्नपाणी पुरवणारी बारीक मुळे बहुतांशी जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. भिंतीच्या पायासाठी चर खणला की एका बाजूची मुळे जातील आणि ब्लॉकखालची माती धुम्मस करून दाबली की उरलेल्यांना हवा-पाणी मिळणार नाही. झाड त्या दिवशी पडत नाही. तीन-चार वर्षांनी शेंडा वाळतो, वादळात ते कोसळते आणि दोष वाऱ्याला दिला जातो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेवढी मोकळी जागा आपणही सोडावी, असे मी समितीला सुचवले. त्यावर ‘ते दिल्लीचे झाले’ असे उत्तर मिळाले.

माझा पर्यायी प्रस्ताव असा आहे की कुंपणाच्या आतल्या बाजूने हाताने खड्डे घेऊन सिमेंटचे खांब उभे करावेत, त्यांवर तारेची जाळी ताणावी आणि पावसाच्या सुरुवातीला कोयनेल गुडघ्याएवढे छाटून खालून नवे फुटवे येऊ द्यावेत. जेथे खिंडारे पडली आहेत, तेथे करवंद किंवा सागरगोटा लावण्याचा विचार आहे. ज्यांनी जुने कुंपण असे खालपर्यंत छाटून पुन्हा दाट केले असेल, त्यांनी त्याला किती पावसाळे लागले आणि कडुनिंबाच्या सावलीत करवंद धरले का, हे कृपया सांगावे. सागरगोट्याचे काटे लहान मुलांच्या दृष्टीने फारच त्रासदायक ठरतील का, याबाबतही अनुभव हवा आहे.

दुसरा प्रश्न कायद्याचा आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला. आमच्या पहिल्या कार्यकारिणीच्या खर्चवहीत जुलै १९७३ मध्ये ‘कडुनिंब रोपे २, उंबर १’ अशी नोंद सापडली आहे. (पर्जन्यवृक्षाचा उल्लेख नाही, तो बहुधा आमच्याही आधीचा असावा.) वय ठरवताना वृक्ष प्राधिकरण अशी नोंद ग्राह्य धरते का, की केवळ बुंध्याच्या घेरावरून अंदाज बांधला जातो? छातीच्या उंचीवर मोठ्या कडुनिंबाचा घेर २१० सेंटिमीटर भरला. तसेच, झाड न तोडता पायाच्या खोदकामात त्याची मुख्य मुळे तोडली, तर त्यालाही पूर्वपरवानगी लागते का? यापूर्वी कोणी असा अर्ज केला असल्यास त्यासोबत कोणती कागदपत्रे जोडली होती, तेही कळवावे, म्हणजे सभेच्या आधी मला अर्ज देता येईल. खर्चवहीच्या त्या पानाचे छायाचित्र मी काढून ठेवले आहे, कारण वही समितीच्या कपाटात असते.