मदत हवी आहे: ई. कोलाय पेरॉक्साइडला आधीच सरावलेला का दिसतोय?

मायक्रोबायॉलॉजीवाले कुणी आहात का? बेळगावात एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय. ई. कोलाय या जीवाणूला आधी हायड्रोजन पेरॉक्साइडचा हलका डोस (६० मायक्रोमोलर, एक तास), मग १० मिलिमोलरचा दणका. हलक्या डोसने ऑक्सिआर या पेरॉक्साइड ओळखणाऱ्या प्रथिनातल्या १९९ आणि २०८ क्रमांकाच्या सिस्टीन या अमिनो आम्लांमध्ये डायसल्फाइड बंध जुळतो, कॅट-जीसारखी (पेरॉक्साइड फोडणाऱ्या कॅटालेजचं) जनुकं चालू होतात, म्हणून असे जीवाणू जास्त टिकायला हवेत. माझ्याकडे डोस न दिलेलेही तितकेच टिकतात!

पेरॉक्साइडची नवी बाटली आणली, दरवेळी ताजं द्रावण केलं, दणका १५ वरून ३० मिनिटांवर नेला. फरक शून्य.

माझा संशय कॅट-ई या दुसऱ्या कॅटालेजवर आहे. रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्ये आरपीओएसमुळे (वाढ थांबत आली की जनुकं चालू करणारं प्रथिन) तो भरपूर बनतो आणि मी फक्त ५० पट पातळ करून ओडी (गढूळपणाचं माप) ०.४ ला वापरते. शिवाय एलबी माध्यमात आपोआपही थोडं पेरॉक्साइड तयार होतं, म्हणजे डोस न दिलेलेही त्यानेच सरावत असतील. त्यात दुपारी लाईट गेली की शेकर बंद, इन्व्हर्टर फक्त फ्रीजपुरता.

क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजायची पद्धत) नाही, ऑक्सिआर काढलेला स्ट्रेन वेळेत मिळणार नाही. स्पेक्ट्रो, प्लेटा आणि क्लोरॅमफेनिकॉल हे अँटिबायोटिक आहे. (सॉक्सआर हे दुसरं सेन्सर प्रथिन नको सुचवू, ते पॅराक्वाटसारख्या रसायनांसाठी.)

तर जुना कॅट-ई निघून जायला किती पिढ्या वाढवू? एलबी सोडून एम-९ ग्लुकोज (मोजक्या ठरावीक घटकांचं माध्यम) घेऊ का? आणि हलक्या डोसच्या तासाभरात क्लोरॅमफेनिकॉल घालून प्रथिननिर्मिती थांबवलेला कंट्रोल परीक्षकांना पटेल का?