खाटा मोजून तयारी कळत नाही
गोव्यात खाटा वाढल्या, म्हणजे पुढच्या साथीला आपण तयार, असं म्हटलं जातं. मला नाही पटत. मे २०२१ मध्ये, कोविडच्या लाटेत, बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) पहाटे २ ते ६ या वेळात माणसं खाटेवर असूनही दगावत होती. सिलिंडरच्या ट्रॉल्या बदलताना ऑक्सिजनचा दाब पडायचा. उच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. मग द्रवरूप ऑक्सिजनची मोठी टाकी बसली, हे चांगलंच झालं.

त्याच दिवसांत एका दुसऱ्या इस्पितळात मी काकीच्या उशाशी होतो. ऑक्सिमीटरवर तिच्या रक्तातला ऑक्सिजन घसरत होता, ९१, ८८, ८४ टक्के... आणि अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर, तीही रडकुंडीला आलेली. म्हणून विचारतो, रात्रपाळीला नर्स किती? ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस कोण? म्हापसा, मडगावच्या इस्पितळांत साथीच्या तयारीचा सराव घ्यायचा तर पहाटे ३ वाजता घ्या.