शब्दचर्चा: कापड नसलेल्या झेंड्याला काय म्हणावं?

एका लेखाचं भाषांतर करताना अडलेय. जर्मनीत नीडरबीबर इथे रोमन सैन्याचं ठाणं होतं. त्याच्या लगतच्या वस्तीत १९६३ साली धातूच्या पत्र्याचं एक डोकं सापडलं, सध्या कोब्लेंट्झच्या संग्रहालयात आहे. सव्वा वीत लांब (सुमारे ३० सेंमी), जबडा वासलेला, दात विचकलेले, काठी आरपार जायला वर-खाली भोकं. इ.स. तिसऱ्या शतकातलं 'ड्रॅको', म्हणजे रोमन स्वार काठीवर मिरवायचे ते सर्पाकृती चिन्ह. या प्रकारचं अख्खं डोकं जगात एवढं एकच हाती लागलंय. इंग्रजीत याला 'स्टँडर्ड' म्हणतात. मी चित्राखाली 'झेंडा' लिहिलं, तर संपादकांनी समासात विचारलं, "कापड कुठंय?" एका ऑनलाइन कोशाने 'मानक' सुचवलं. त्याला कोपरापासून नमस्कार.

* * *

ताई, 'ध्वज' लिहा आणि संपादकांना महाभारत दाखवा. संस्कृतात ध्वज म्हणजे काठी आणि तिच्या टोकावरचं चिन्ह, कापड ती पताका. म्हणून अर्जुन कपिध्वज: वानर ध्वजावर बसलेला आहे, कापडावर रंगवलेला नाही. तो गर्जनाही करतो. विदिशेजवळ बेसनगरला हेलिओडोरस या यवन (म्हणजे ग्रीक) दूताने इ.स.पू. दुसऱ्या शतकात उभारलेला दगडी खांब आहे. त्यावरचा लेख त्या खांबालाच 'गरुडध्वज' म्हणतो. तिथे फडकणार काय, कपाळ? मराठीत पुढे ध्वज आणि पताका एकमेकांत मिसळले आणि 'ध्वज फडकला' असं आपण सर्रास म्हणू लागलो. जुना अर्थ शिल्लक आहे तो गुढीत. काठी, वर पालथा गडू, आणि खण नुसता बांधलेला.

आता तुमच्या डोक्याबद्दल. त्याला मागे कापडी अंग होतं, विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारा नळा असतो ना, तसं. स्वार दौडू लागला की वासलेल्या जबड्यातून वारा आत शिरायचा, अंग फुगून वळवळायचं. आरियन हा इ.स. दुसऱ्या शतकातला लेखक लिहितो की घोडे उभे असताना नुसत्या रंगीत चिंध्या लोंबतात, आणि दौडताना त्याच चिंध्या फुगून फूत्कार टाकतात. म्हणजे पताका होतीच, ती मातीने खाल्ली. उरलं ते ध्वजशीर्ष.

* * *

'ध्वजशीर्ष' आवडलं. मग पुढे 'नागध्वज' करू का? ड्रॅको म्हणजे सापच ना? आणि फ्रान्समध्ये सूलाक-स्युर-मेरच्या किनाऱ्यावर सापडलेलं गॉल लोकांचं पत्र्याचं रानडुक्कर आहे (बोर्दोच्या संग्रहालयात), तो 'वराहध्वज'?

* * *

दोन्ही नको! नागध्वज म्हटलं की दुर्योधन उभा राहतो. शिवाय रोममध्ये सम्राट ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) त्याचे शत्रू असलेल्या डेशियन लोकांच्या हातात जे ड्रॅको दिसतात, त्यांचं अंग सापाचं असलं तरी डोकं लांडग्याचं आहे. 'ड्रॅको' हाच शब्द ठेवावा. वराह तर त्याहून अवघड. मराठी वाचकाला लगेच विष्णूचा अवतार दिसेल, फार तर बदामीच्या चालुक्यांचं वराहलांछन. गॉल लोकांचं ते साधं, अंगावर येणारं रानडुक्कर. 'रानडुकराचं निशाण' म्हणा की सरळ.

* * *

जरा उशिरा आलो. 'निशाण'ला माझंही मत. आपल्या इतिहासातला या ड्रॅकोचा सख्खा भाऊ कुणालाच कसा आठवला नाही? माहीमरातब! फारसीत माही म्हणजे मासा. मोगल बादशहाने द्यायचा मान. इंग्रज सेनापती लेकला मिळालेल्या माहीमरातबाचं वर्णन असं: डोकं मुलामा दिलेल्या तांब्याचं, अंग नि शेपूट रेशमाची, लांब काठीवर बसवून हत्तीवरून मिरवायचं. तीच रचना, फक्त सापाऐवजी मासा. १७९२ साली महादजी शिंद्यांनी पुण्यात सवाई माधवरावांना बादशाही मानचिन्हं अर्पण केली, त्यांतही मत्स्यचिन्ह होतंच.

जाता जाता: मराठी फौजेत मोठ्या निशाणाला 'ढाल' म्हणत आणि ते वाहणारा हत्ती तो 'ढालगज'. आमची आजी शेजारच्या एका बाईंना ढालगज भवानी म्हणायची. ही शिवी मुळात निशाणाच्या हत्तीची, हे बिचारीला ठाऊक नसावं.

* * *

काका, आजींना नमस्कार! मजकूर असा केलाय: 'ड्रॅको निशाणाचं ध्वजशीर्ष, नीडरबीबर, तिसरं शतक. कापडी अंग उरलेलं नाही.' संपादक गप्प आहेत, म्हणजे पास. आता हे निशाण वाहणारा 'ड्रॅकोनारियस'. त्याला 'निशाणबारदार' फार पेशवाई वाटेल का?