मदत हवी आहे: स्वयंसेवकांना मेल केलेली कागदपत्रं उघडत नाहीत

सातपुडा_पायथा: धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यातल्या स्वयंसेवकांना वनहक्क दाव्यांची (कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मागण्याच्या अर्जांची) कागदपत्रं मेल केली. कुणाकडेच उघडत नाहीत. ग्रामसभा तोंडावर आली आहे. काय करायचं ते लवकर सांगा.

शहादेकर: उघडत नाहीत म्हणजे काय? मेल पोचलीच नाही, की पोचली आणि फाइल उघडत नाही? अटॅचमेंट आहे की लिंक? मंडळी मोबाईलवर बघताहेत का?

भुसावळ_जंक्शन: मेल कशाला? व्हॉट्सॲपवर ग्रुप करा आणि डॉक्युमेंट म्हणून टाका, 2 जीबीपर्यंत जातं. आमचं वृक्षारोपणाचं सगळं काम तसंच चालतं.

सातपुडा_पायथा: व्हॉट्सॲप नको. तिथे फाइल गप्पांत हरवते, मग एकाकडे जुना फॉर्म, दुसऱ्याकडे नवा. मेल पोचते आहे. सगळे मोबाईलवरच बघतात. काहींना 'रिक्वेस्ट ॲक्सेस' येतं, काहींना भलतीच अक्षरं दिसतात.

शहादेकर: हे आधी सांगायचं ना भाऊ. दोन वेगळ्या भानगडी आहेत. फाइल 25 एमबीच्या वर गेली की जीमेल ती ड्राइव्हवर टाकतं आणि मेलमध्ये नुसती लिंक जाते. समोरच्याला परवानगी नसेल तर तो दारातच अडकतो. अक्षरांचं सांगा, वर्डची फाइल आहे का? फॉन्ट कुठला?

यावलची_ताई: लिंक 'एनीवन विथ द लिंक' करून टाका. विषय संपला.

नवापूरकर: ताई, असं अजिबात करू नका. त्या फायलींत लोकांचे आधार, जातीचे दाखले, जमिनीचे कागद असणार. लिंक एकाने पुढे ढकलली की कुणीही बघेल. ज्यांनी विश्वासाने कागद दिले, त्यांचं काय?

यावलची_ताई: मग प्रत्येकाला परवानगी देत बसायचं? ग्रामसभा कधी व्हायची?

नवापूरकर: सगळ्यांना सगळं पाठवायचंच कशाला? दाव्याचे कोरे फॉर्म अ, ब, क सगळ्यांना अटॅचमेंटनेच जाऊ द्या, ते लहान असतात. भरलेले कागद गावागावाच्या फोल्डरात ठेवा आणि त्या गावाच्या स्वयंसेवकाच्या मेल आयडीलाच 'व्ह्यूअर' म्हणून परवानगी द्या. आणि मेल पाठवताना पत्ते बीसीसीत टाका, सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना कशाला दाखवायचे?

रावेर_केळीबाग: दाव्याला एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, हे स्वयंसेवकांना माहीत आहे ना? गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही चालतो, फक्त तो दावेदार नसावा. जमिनीचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा हवा.

शहादेकर: दादा, प्रश्न फाइल उघडण्याचा आहे.

रावेर_केळीबाग: फाइल उघडली आणि आत पुरावाच नसला तर दावा फेटाळला जातो. म्हणून सांगितलं.

सातपुडा_पायथा: पुरावे आहेत दादा. शहादेकर, वर्डचीच फाइल आहे. टायपिंगवाल्याकडून करून घेतली, श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टात. नवापूरकर, तुमचं पटलं, गाववार फोल्डर आत्ताच करतो. पण आतल्या पाड्यांवर रेंज नाही, तिथे लिंक काय कामाची?

नवापूरकर: रेंज असेल तिथेच ड्राइव्ह ॲपमध्ये फाइल 'ऑफलाइन' करून घ्यायला सांगा, मग पाड्यावर नेट नसलं तरी उघडते. स्कॅन रंगीत नको, काळेपांढरे आणि कमी रिझोल्यूशनचे करा, म्हणजे लवकर उतरतील.

भुसावळ_जंक्शन: एवढ्या खटपटीपेक्षा व्हॉट्सॲप सोपं होतं.

सातपुडा_पायथा: परवानगी दिल्यावर एकीकडे स्कॅन उघडले. आता तेवढी वर्डची फाइल राहिली.

शहादेकर: तिची पीडीएफ करून पाठवा. पण ती त्याच टायपिंगवाल्याच्या संगणकावर करून घ्या. तुमच्याकडे तो फॉन्ट नसेल, तर पीडीएफमध्येही तीच भलती अक्षरं उतरतील. आणि पुढच्या वेळी युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा, ते वेगळा फॉन्ट न टाकताही मोबाईलवर नीट दिसतं.