मदत हवी आहे: हॉट क्रॉस बनचं पीठ रात्रभर फ्रीजमध्ये कसं ठेवावं?

गुड फ्रायडेच्या सकाळी उपासनेला निघण्याआधी घरच्यांनी एकत्र प्रार्थना करून ताजे हॉट क्रॉस बन (वर मैद्याच्या पेस्टने क्रॉस काढलेले, दालचिनी-मनुका घातलेले गोड पाव) खावेत, अशी मनापासून इच्छा आहे. म्हणून पीठ गुरुवारी रात्रीच मळायचं आहे. प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, कोमट दूध २५० मिली, अंडं १, साखर ७५ ग्रॅम, लोणी ५० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ७ ग्रॅम, दालचिनी पूड २ चमचे, भिजवून निथळलेल्या मनुका १५० ग्रॅम.

अडचण फुगण्याची. जास्त साखर पाणी ओढून घेते, दालचिनीही यीस्टला मंदावते, त्यात फ्रीजमधले ४ अंश. सकाळी गोळे घट्टच राहतात आणि घाईने ओव्हनमध्ये घातले की बाजूने फाटतात. दालचिनी १ चमच्यावर आणली तर चव उरेल का? की पीठ आधी बाहेर दुप्पट फुगवून, गोळे वळून मगच फ्रीजमध्ये ठेवावं? मला हेच जास्त पटतं, पण मग सकाळी बाहेर काढल्यावर किती वेळ थांबावं?

क्रॉससाठी ७५ ग्रॅम मैद्यात ७५ मिली पाणी घेते. तो भाजण्याच्या अगदी आधीच काढणार, कारण रात्री काढलेला सुकून तडकतो. २०० अंशांवर साधारण २० मिनिटं.

आणखी एक: उपवासामुळे अंडं, दूध टाळणाऱ्यांसाठी या प्रमाणात काय बदलावं?